वाळवणाच्या कपाटाचा रिले: कामाच्या नोंदी, २८ जून ते २५ जुलै २०२५

आधी एवढं सांगते. इंदूरला सुदामानगरात माझ्या मावशीचं उपवासाच्या पदार्थांचं घरगुती काम आहे. बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, थोड्या चकल्या. उन्हाळ्यात सगळं गच्चीवर वाळतं. पाऊस लागला की गच्ची गेली, आणि मागणी नेमकी तेव्हाच असते. शिवाय इथे श्रावण दोनदा येतो. शेजारपाजारचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. म्हणजे सलग दीड महिना उपवासवाले.

म्हणून दोन वर्षांपूर्वी एका जुन्या लोखंडी कपाटात जाळीचे दहा ट्रे बसवले. खाली १००० वॉटचे दोन फिनवाले हीटर, मागे पंखा, वर ओली हवा जायला झडप. तापमान राखायला बाजारात मिळतो तो छोटा डिजिटल कंट्रोलर लावला, त्याच्याच बोर्डावर १२ व्होल्टचा निळा चौकोनी रिले (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा स्विच). हे सगळं मी जोडलं. मी हिशेब लिहिणारी बाई, इलेक्ट्रिशियन नाही. सोल्डरिंग बाबांकडून शिकले तेवढंच. त्यामुळे खालच्या चुका माझ्याच समजाव्यात.

२८ जून, शनिवार

सकाळी सहाला मावशीचा फोन. "अगं, तुझं कपाट पेटलंय की काय? हात लावून बघवत नाहीये."

गेले तर डिस्प्लेवर ८४. ठेवलेलं ६०. कंट्रोलरचा लाल दिवा विझलेला, म्हणजे त्याच्या मते हीटर बंद आहे. हीटर मात्र चालू. १२ किलो बटाट्यांचा कीस होता. तुरटीच्या पाण्यातून काढून, वाफवून पसरलेला. सगळा लाल. पाच किलो बटाट्यांमागे साधारण किलोभर कीस उतरतो, तेव्हा अडीच किलो माल गेला. मावशी काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

प्लग काढला. मल्टिमीटर बीपवर ठेवून रिलेच्या कॉमन आणि एनओ (एरवी उघड्या असणाऱ्या) या दोन पिनांवर टेकवला. वीज नसताना इथे काही वाजायला नको. वाजलं, आणि रोध ०.३ ओहम. संपर्क एकमेकांना चिकटले होते. पेचकसाच्या मुठीने रिलेच्या डोक्यावर दोनदा ठोकलं, आत बारीकसं "टक" झालं आणि बीप थांबली.

ठोकून सुटला म्हणजे बरा झाला असं नाही, हे मला माहीत होतं. तरी शनिवारी रात्री पुन्हा लावला. रात्रभर दर तासाला उठून बघितलं. हा वेळ वाया.

३० जून

ऑफिस सुटल्यावर महाराणी रोडला. तसेच रिले तीन घेतले, ४० रुपयाला एक.

जुना काढताना घोळ घातला. रिलेला पाच पाय, आणि माझ्याकडे सोल्डर ओढायचा पंप नव्हता. सोल्डरिंगच्या इस्त्रीने एकेक पाय तापवून वर उचलायला गेले, तर एनओच्या पायाखालचा तांब्याचा ठिपकाच उखडून आला. मग टर्मिनलपासून रिलेच्या पायापर्यंत जाड तांब्याची तार सरळ टाकून सोल्डर केली. अडीच तास. पंप दीडशेला मिळतो. घ्या.

जुन्या रिलेचं निळं टोपण ब्लेडने कापून बघितलं. चकचकीत हवा तो संपर्क काजळलेला, आणि मधोमध उकरल्यासारखा खड्डा. समोरच्या संपर्कावर त्याच खड्ड्याचा उंचवटा. दोन्ही एकमेकांत अडकून बसायचे.

जळण्याचं कारण शोधायला हवं होतं. मी नवा बसवून जेवायला गेले.

३ जुलै

तिसऱ्या दिवशी परत तेच. या वेळी मावशीने आधी आवाज ऐकला. "पाल चुकचुकावी तसं करतंय गं, पण थांबतच नाही."

खरंच. टक-टक-टक-टक, सेकंदाला तीन-चारदा, आणि दर वेळी डिस्प्ले मिचकतोय. बंद करेपर्यंत संपर्क चिकटले.

डिस्प्लेवरचे आकडे उड्या मारत होते, म्हणून मी प्रोबवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या टोकावर, आळ घेतला. नवा प्रोब, ७० रुपये. जुना काढून खोलीच्या हवेत मोजला तर दहा किलोओहमच्या आसपास, अगदी ठणठणीत. तरी नवा बसवला. फरक शून्य. एक संध्याकाळ गेली.

४ जुलै

आज नीट बसून मोजलं. रिलेच्या कॉइलकडे (संपर्क ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याकडे) जाणारे १२ व्होल्ट तपासले. रिले सुटलेला असताना ११.९. रिले ओढायला गेला की काटा ११ आणि ५ यांच्यामध्ये कुठेही भटकतो. हा रिले घेतो किती, तर ३० मिलिअँपिअर. एवढ्याने बसणारा, हे १२ व्होल्ट देणारा अ‍ॅडॉप्टर मेलेलाच म्हणायचा.

प्रकार असा होता: रिले ओढला की व्होल्टेज कोसळायचं, कंट्रोलर विझायचा, रिले सुटायचा, व्होल्टेज परत चढायचं, कंट्रोलर जागा होऊन पुन्हा ओढायचा. आणि प्रत्येक टकला संपर्कांमध्ये नऊ अँपिअरची ठिणगी. नवा रिले तीन दिवसांत असाच जळला.

अ‍ॅडॉप्टर फोडला. आतल्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. का फुगणार नाही? तो मीच कपाटाच्या बाहेरच्या पत्र्यावर स्क्रूने आवळला होता, हीटरच्या बरोबर पाठीमागे. दोन वर्षं पाठ शेकत बसला बिचारा.

नवा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर, २२० रुपये. या वेळी भिंतीवर, कपाटापासून हातभर लांब. दुसरा रिले बसवला. पंप होता, वीस मिनिटांत झालं.

आणखी एक माप घेऊन ठेवलं, पुढे कामाला आलं. हीटर चालू असताना रिलेच्या बंद, म्हणजे जुळलेल्या, संपर्कावर किती व्होल्ट पडतात ते. (मीटरच्या पिना वीज बंद असताना अडकवायच्या, मग चालू करायचं, आणि हात लांब.) नव्या रिलेवर ०.१ व्होल्टच्याही खाली. जो रिले ठोकून सुटला होता, त्यावर २८ तारखेच्या रात्री हेच ०.९ आलं होतं. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या डबीत सात-आठ वॉट उष्णता. तो आकडा वहीत लिहिला होता, पण अर्थ आज लागला.

६ जुलै, आषाढी

दोन दिवस कपाट गुण्यागोविंदाने चाललं. मी कॉलर ताठ करून गेले. मावशी कपाटाशेजारी पाटावर बसून जप करत होती. मला म्हणाली, "बरं झालंय, पण केवढ्यांदा वाजतं! मी आज माळ त्याच्या टकटकीवर ओढली. एक माळ चाळीस मिनिटांत झाली."

मी हसले, आणि मग बसून हिशेब केला. चाळीस मिनिटांत १०८ टक. लागताना एक, सुटताना एक, म्हणजे ५४ फेऱ्या. तासाला ८१. रोजचे बारा तास धरले तर ९७२. अशा रिलेच्या कागदावर पूर्ण भाराला लिहिलेलं आयुष्य असतं साधारण एक लाख फेऱ्या. सगळं सुरळीत असतं तरी साडेतीन महिन्यांत तो मरणारच होता.

वर भारही काठोकाठ. दोन्ही हीटर मिळून २६.५ ओहम. रात्री आमच्याकडे व्होल्टेज २४४ पर्यंत जातं, म्हणजे ९.२ अँपिअर. रिलेवर छापलेले १०.

एवढा का वाजतो? दोन कारणं सापडली. कंट्रोलरमधला फरक (हीटर बंद होण्याच्या आणि परत लागण्याच्या तापमानातला) मीच अर्ध्या अंशावर ठेवलेला, कारण "अचूक" हवं होतं. कीस वाळवायला अर्ध्या अंशाची अचूकता कशाला हवी, ते मला कोणी विचारलं नाही. दुसरं, प्रोब हीटरच्या वर चार इंचांवर लटकत होता. त्याला कपाटाची हवा कळतच नव्हती, फक्त हीटरचा तवा कळत होता.

फरक २ अंश केला. प्रोब वरच्या दुसऱ्या ट्रेच्या मागे नेला, जिथून हवा परत पंख्याकडे वळते. संध्याकाळी तासभर मोजलं: आठ फेऱ्या. एक्क्याऐंशीच्या आठ. पैसा शून्य लागला.

ट्रेमध्ये ठेवलेला जुना काचेचा थर्मामीटर ५७ ते ६३ दाखवत होता. चालतंय.

८ जुलै

जळका वास. रिले शाबूत, पण बोर्डावरचं हिरवं टर्मिनल एका बाजूने वितळून वाकलेलं. वायरचं टोक काळं.

ही चूक शुद्ध माझी. दोन वर्षांपूर्वी वायरच्या केसाळ तारा पसरू नयेत म्हणून टोकाला सोल्डर पाजून मग स्क्रूखाली घातलं होतं. नीटनेटकं दिसतं. पण सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू सरकतं. स्क्रू आपोआप सैल होतो, सैल जागा तापते, तापली की आणखी सैल. शिवाय वायर १ चौरस मिलिमीटरची होती. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून लावायला हवी होती.

इथे मी ठरवलं की हीटरचा प्रवाह या बोर्डावरून न्यायचाच नाही. रिलेने फक्त दुसऱ्या मोठ्या स्विचला इशारा द्यायचा.

९ जुलै

पुन्हा महाराणी रोड. इतक्या फेऱ्या झाल्या की दुकानदार आता "आओ दीदी, आज क्या जला?" म्हणतो.

काँटॅक्टर (तोच मोठा स्विच, रिलेचा थोरला भाऊ) मागितला तर पहिला प्रश्न, "मोटर पे लगाना है के हीटर पे?" हा प्रश्न विचारणारं दुकान धरून ठेवा. काँटॅक्टरवर दोन आकडे असतात. एसी-३ म्हणजे मोटरसाठी, एसी-१ म्हणजे हीटरसारख्या साध्या भारासाठी. मला दिलेला एसी-३ ला ९ अँपिअर, एसी-१ ला २५. मी डब्यावरचा ९ बघून परत ठेवणार होते. कॉइल २३० व्होल्टची. ८५० रुपये.

ऑफिसातला एक सहकारी एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हलणारे संपर्क नसलेला) घे म्हणत होता. आवाज नाही, ठिणगी नाही, स्वस्तही. विचार केला होता. पण त्यात अँपिअरमागे साधारण वॉटभर उष्णता होते, म्हणजे आमच्याकडे नऊ-दहा वॉट सतत, त्याला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) हवा, आणि जागा आधीच गरम. मुख्य म्हणजे तो बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच बिघडतो. अडीच किलो लाल कीस बघून झाल्यावर मला ते नको होतं. काँटॅक्टरही चिकटू शकतो, पण पंचवीसच्या संपर्कावर नऊ म्हणजे त्याला श्वास घ्यायला जागा आहे.

१० आणि ११ जुलै

वायरिंग. प्लास्टिकची जंक्शन पेटी भिंतीवर, काँटॅक्टर आणि कंट्रोलर आत. हीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर, टोकांना थिंबल, हीटरजवळच्या हातभर भागावर काचेच्या धाग्याची नळी.

पहिला धक्का जोडण्याआधीच बसला (सुदैवाने अंगाला नाही). जुनी जोडणी सोडताना कंट्रोलर बंद ठेवून सवयीने टेस्टर हीटरच्या टोकाला लावला. पेटला. म्हणजे दोन वर्षं रिले फेज तोडतच नव्हता, न्यूट्रल तोडत होता. हीटर "बंद" असतानाही जिवंतच. कपाटातलं माझं वायरिंग बरोबर होतं, भिंतीतलं सॉकेट उलटं होतं. सॉकेटकडे तोंड केलं की उजव्या भोकात फेज हवा. तो डाव्यात होता. गल्लीतल्या वायरमनने दहा मिनिटांत फिरवून दिलं, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. तरीही काँटॅक्टरच्या एका ध्रुवातून फेज आणि दुसऱ्यातून न्यूट्रल नेला. तिसरा रिकामा आहे.

दुसरी अडचण: काँटॅक्टर सुटताना धाडकन आवाज, आणि त्याच क्षणी डिस्प्ले कोरा. पाचातून एकदा. कॉइल सुटताना जो झटका मारते त्याने कंट्रोलर गांगरायचा. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा २७५ व्होल्ट एसीवाला कपॅसिटर एकापुढे एक जोडून कॉइलच्या दोन टोकांवर आडवे टाकले. ३० रुपयांत भूत उतरलं. इथे साधा पंख्याच्या रेग्युलेटरमधून काढलेला किंवा डीसीवाला कपॅसिटर वापरू नका. डब्यावर एक्स-२ लिहिलेलं बघून घ्या.

तिसरी गोष्ट मी आधी चुकीची केली, मग रात्री आडवी झाल्यावर सुचली. जास्त तापलं तर तोडायला बटण दाबून रिसेट करायचा ९० अंशांचा कट-आउट आणला होता आणि तो काँटॅक्टरच्या कॉइलच्या ओळीत जोडला. पण काँटॅक्टरचे संपर्कच चिकटले तर कॉइल तोडून काय उपयोग? तो थेट हीटरच्या ओळीतच हवा. कट-आउटची क्षमता १० अँपिअर, परत तेच काठोकाठ. उपाय सोपा होता: हीटर दोन आहेत, तर प्रत्येकाला स्वतःचा कट-आउट. एकेकावर साडेचार-पाच अँपिअर. दुसरा आणायला चौथी फेरी, ९० रुपये.

१२ जुलै

सगळं जोडून मेन चालू केला, कंट्रोलरने काँटॅक्टर ओढला, आणि घराचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला. मावशीचा फ्रिज, पंखे, सगळं गप्प.

मला वाटलं वायर कुठेतरी पत्र्याला लागली. पेटी पूर्ण उघडली, एकेक वायर सोडली. तीन तास. काही सापडलं नाही. शेवटी हीटर एकेक करून लावले, तेव्हा डावा लावला की पडतो, उजव्यावर नाही.

वायरमनकडून ५०० व्होल्टचा मेगर (गळती तपासायचं मीटर) मागून आणला. हीटरचं टोक आणि त्याचा पत्रा यांच्यात उजव्याला चांगले मेगओहम, डाव्याला सुई शून्यावर लोळलेली. त्याने बघताच सांगितलं, सीलन है. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते, ती पाणी ओढते. चार दिवस कपाट उघडं पडलं होतं आणि बाहेर झड. डाव्या हीटरच्या टोकाचं सील तडकलेलं.

फेकायची गरज नाही. हीटर काढून मावशीच्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर तीन तास ठेवला. पूर्ण गार झाल्यावर मेगर लावला, ५० मेगओहमच्या वर. टोकाला उष्णता सोसणारं सिलिकॉन भरलं. मावशी म्हणाली, "माझ्या नानकटाईला वास लागला तर तुझ्या घरी पाठवीन." लागला. पाठवली.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकायचा सल्ला एकाने दिला होता. नाही काढला.

१३ जुलै

रिकामं कपाट, परीक्षा. ६० ला ठेवून पंखा मुद्दाम बंद केला. तीन मिनिटांच्या आत दोन्ही कट-आउट पडले. मग काँटॅक्टर लाकडी काडीने दाबून धरला, म्हणजे चिकटल्याचं सोंग. कट-आउट याही वेळी पडले, हीटर थंड. आता रात्री झोपायला हरकत नाही.

१५ जुलै

पहिली खरी भट्टी. पंधरा किलो बटाटे, दहाही ट्रे. पहिले दोन तास झडप पूर्ण उघडी, मग अर्धी. पावणेसात तासांत कीस कडकडीत, पांढरा. मीटरवर साडेआठ युनिट.

खर्च: रिले १२०, प्रोब ७० (फुकट गेले), अ‍ॅडॉप्टर २२०, काँटॅक्टर ८५०, दोन कट-आउट १८०, पेटी २६०, वायर २००, थिंबल आणि नळी १५०, कॉइलवरचे रेझिस्टर-कपॅसिटर ३०. एकूण २०८०. पंप धरला नाही, तो आता माझा. लाल झालेला कीस वेगळा. तास मोजले तर पंचवीसच्या वर, त्यातले निम्मे प्रोब, उखडलेला ठिपका आणि आरसीसीबी यांच्यात.

२५ जुलै, आपला श्रावण सुरू

दहा दिवस रोज चाललं. आज प्लग काढून पेटी उघडली. सगळे स्क्रू परत आवळले. नव्या जोडणीत पहिल्या आठवड्यानंतर ते थोडे फिरतातच, दोन अर्धा वळसा फिरले. मग वीज चालू करून काँटॅक्टरच्या जुळलेल्या संपर्कावरचे व्होल्ट मोजले, मीटरला दिसण्याजोगे नाहीत. टर्मिनलं हाताला कोमट.

तक्रार एकच, आवाजाची. काँटॅक्टर लागताना भिंत वाजते आणि पलीकडे मावशीची उशी. पेटीखाली जुन्या चपलेचं रबर कापून चार वायसर घातले, बराच फरक पडला.

मावशीने तेवढ्यात माळ काढलीच होती. टक ऐकायचा, मणी ओढायचा. तासाला सोळा टक. अर्ध्या तासात आठ मणी झाल्यावर तिने माळ डब्यात ठेवली. म्हणाली, "याच्या नादाने जप केला तर एक माळ व्हायला कीस वाळून निघायचा."

मी गुणून बघितलं. १०८ भागिले १६, पावणेसात तास. बरोबर आहे तिचं.